दिवा तर लागला!

तुमच्या घरी रात्री फ्यूज उडाला तर तो कोण घालतं? आमच्याकडे मी घालत असे. हे सांगताना माझी मान जराशी ताठ होते, हे मला ठाऊक आहे. आज जी हकिगत सांगायला बसले आहे ती त्या ताठ मानेचीच आहे, म्हणून ही कबुली आधीच देऊन टाकते.

हा धडा मला माहेरी मिळाला. माझे वडील साखर कारखान्यात कारकून. विजेचं शिक्षण असं त्यांना काही नव्हतं, पण घरातलं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. मी सहावीत असताना त्यांनी मला खुर्चीवर उभं केलं, मेन स्विच खाली ओढायला लावला, पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज बाहेर काढला आणि बारीक तार कशी गुंडाळायची ते दाखवलं. "जाड तार कधी घालायची नाही. फ्यूज जळतो तो घर जळू नये म्हणून," एवढंच म्हणाले. पुढच्या खेपेला मी एकटीनं घातला.

१९९१ साली लग्न होऊन साताऱ्याला आले तर इथे सगळा उलटा प्रकार. ह्यांना विजेची भारी धास्ती. ओल्या हातानं बटणाला हात लावणार नाहीत ते ठीक, पण कोरड्या हातानं लावतानाही पायांत चपला घालून येणार! दिवे गेले की शेजारच्यांना हाक मारायची, हा घरातला शिरस्ता. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी पदर खोचून स्टुलावर चढले आणि फ्यूज घातला. सासूबाई खाली बॅटरी धरून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आळीभर सांगितलं, "आमची सून फ्यूज घालते हो." त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं काढली म्हणा ना! हळूहळू इस्त्रीची वायर, मिक्सरचा प्लग, देवघरातला होल्डर, पंख्याचा कंडेन्सर, सगळं माझ्याकडे आलं. भावजया-जावा माहेरपणाला आल्या की बिघडलेली बॅटरीसुद्धा पिशवीत घालून आणायच्या.

आमचं घर मामंजींनी १९७२ साली बांधलेलं. भिंतीवर लाकडी पट्टी, पट्टीवर क्लिपा आणि क्लिपांत अडकवलेल्या तारा, अशी तेव्हाची फिटिंग. बटणं काळी, गोल, टक् करून वाजणारी. त्या काळी पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमच्या तारा पडल्या, तशा आमच्याकडेही पडल्या होत्या. तेव्हा घरात होतं काय? सहा दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ. मग त्याच तारांवर फ्रीज आला, मिक्सर आला, टीव्ही आला, धुण्याचं यंत्र आलं, शेवटी गीझरही आला. घरात माणूस वाढलं की आपण भाताचं पातेलं मोठं काढतो. तार मोठी काढायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. आता हिशेब करून बघा. आपल्याकडे वीज येते २३० व्होल्टची. २,००० वॉटचा गीझर म्हणजे सुमारे पावणेनऊ अँपिअर. दिव्याच्या तारेवर तो लावला तर तार गरम होणार, वरचं आवरण वाळणार, तडकणार. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच लक्षात येत नाही.

२०१९ साली एका कंत्राटदाराला बोलावून अंदाज काढला. सगळं घर नव्यानं करायचे त्यानं बहात्तर हजार सांगितले. हे म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मीही हो म्हटलं. खोटं कशाला सांगू, मनात मी म्हटलं होतं की यातलं निम्मं काम तर मीच करीन.

पुढचं वर्ष आलं ते टाळेबंदी घेऊन. मे महिन्यात माजघरातल्या बोर्डातून चर्रचर्र असा आवाज येऊ लागला आणि रबर जळल्यासारखा वास. ओळखीचा वायरमन फोनवर म्हणाला, "वहिनी, आमच्या गल्लीला बांबू लावलेत, मी येऊ शकत नाही. मेन बंद करा आणि तो बोर्ड वापरू नका." त्याचं उत्तर अगदी बरोबर होतं. तो बोर्ड मी वापरला नाही, एवढं ऐकलं. पण दुकानं उघडल्यावर लाल, काळ्या आणि हिरव्या तारांची एकेक गुंडाळी, नवे दोन बोर्ड, बटणं, काळी टेप असं चौतीसशे रुपयांचं सामान मी घेऊन आले. आणि मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसले.

त्या व्हिडिओंचं एक सांगते. एका व्हिडिओत काळी तार म्हणजे जिवंत तार, तिला हात लावू नका, असं तो माणूस बजावून सांगत होता. माझा गोंधळ उडाला, कारण आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल, लाल ही फेज आणि हिरवी अर्थिंगची. मग कळलं, तो अमेरिकेतला होता. तिथे काळी फेज आणि पांढरी न्यूट्रल असते, आणि घरातली वीजसुद्धा १२० व्होल्टची. दुसऱ्या एकात तपकिरी आणि निळ्या तारा होत्या. शेवटी मी म्हटलं, आपण आपलं डोकं चालवावं.

आणि चालवलं. माजघर आणि देवघर, दोन खोल्यांचं काम मी आठ दिवसांत केलं. मेन बंद केल्याशिवाय हात लावला नाही, लाकडी पाटावर उभी राहिले, चपला घातल्या. हे सगळं बरोबरच केलं. जुन्या तारा मात्र जोडावर येऊन थांबत, त्यापुढे माझी नवी तार. जुन्या दोन्ही तारांचा रंग उडून त्या सारख्याच मळकट पांढऱ्या झालेल्या. त्यातली एक लाल तारेला पिळली, दुसरी काळीला, वर टेप गुंडाळली. खाली बोर्डात लाल तार बटणाला, काळी थेट दिव्याला. सगळं झाल्यावर ह्यांना मेन स्विच वर करायला लावला. (चपला घालून केला त्यांनी.) मी बटण दाबलं. दिवा लागला!

सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला होता.

आता पुढचं सांगण्याआधी त्या वेळी मला जे कळलं नव्हतं ते तुम्हांला सांगते, म्हणजे तुम्ही माझ्या पुढे राहाल. दिवा लागला याचा अर्थ काम बरोबर झालं असा नाही. वीज म्हणजे नळाचं पाणी धरा. फेज हा नळ आणि न्यूट्रल ही मोरी. तोटी नळावर हवी. समजा कुणी तोटी न लावता मोरीचंच तोंड बंद करायची सोय केली. पाणी वाहायचं थांबेल, बघणाऱ्याला वाटेल नळ बंद आहे. पण मधल्या सगळ्या नळीत पाणी तुंबून भरलेलंच राहील, जरा भोक पडलं की बाहेर येईल. बटण फेजवर असायला हवं ते यासाठी. ते न्यूट्रलवर बसलं तरी दिवा लागतो आणि विझतो, अगदी शहाण्यासारखा. फक्त विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते.

मी वरच्या जोडावर दोन मळकट तारांची अदलाबदल केली होती. माझी लाल तार न्यूट्रल झाली होती आणि काळी फेज. रंग बघून मी विश्वास ठेवला. खाली बोर्डात टेस्टर लावून पाहिलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होतं. त्याआधीच्या रविवारी आम्ही आवराआवर काढली. माळा मी काढत होते, देवघर सासूबाईंनी घेतलं होतं. देवघराला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नाही. वय तेव्हा शहात्तर. खिडकी ओल्या फडक्यानं पुसून झाली, मग त्या लहान स्टुलावर चढल्या आणि दिवा काढून होल्डर पुसायला गेल्या. एक हात होल्डरला, दुसरा तोलासाठी खिडकीच्या ओल्या गजाला. मला आधी आवाज ऐकू आला, मग स्टूल आडवं झाल्याचा.

त्या फेकल्या गेल्या होत्या, तेच बरं झालं. विजेनं हात आखडून माणूस चिकटून राहतं असंही होतं, आणि मी तशीच धावत जाऊन त्यांना मिठी मारली असती यात मला शंका नाही. मग आम्ही दोघी गेलो असतो. अशा वेळी आधी मेन बंद करायचा, तो लांब असेल तर कोरड्या लाकडानं माणसाला दूर ढकलायचं, हे मला तोंडपाठ होतं. पण त्या क्षणी डोक्यात काही नव्हतं. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता आणि उजवा मनगट वाकडा दिसत होता.

त्या म्हणाल्या, "बटण बंद होतं गं. मी दोनदा पाहिलं."

दवाखान्यात हाड बसवून प्लास्टर घातलं. सहा आठवडे. नाडी-हृदय तपासलं, ते ठीक होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कशा पडलात?" सासूबाई म्हणाल्या, "स्टूल हललं." मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मागाहून मीच डॉक्टरांना बाजूला घेऊन शॉकचं सांगितलं, कारण त्यांना ते कळायलाच हवं होतं. पण घरी येऊन ह्यांना? नणंदेला? शेजारच्या काकूंना? सगळ्यांना स्टूलच हललं होतं. दिवाळीच्या फराळाला आलेली बाई "या वयात स्टुलावर चढावंच कशाला!" म्हणून त्यांनाच चार शब्द सुनवून जात होती आणि मी चिवड्याची बशी पुढे करीत होते.

मैत्रिणींनो, मी कुठे चुकले हे मला त्याच रात्री कळलं. सगळे झोपल्यावर टेस्टर घेऊन देवघरात गेले. बटण बंद. होल्डरला टेस्टर लावला, आतली लाल बत्ती लख्ख पेटली. मग मेन बंद करून दोन्ही खोल्यांतले फ्यूज काढून घेतले आणि सकाळी ह्यांना म्हटलं, "तिकडचे फ्यूज उडालेत, दिवाळीनंतर वायरमनला बोलावू." देवघरात ती दिवाळी समईवर झाली. सगळे म्हणाले, किती छान दिसतं!

वायरमन जानेवारीत आला. मे महिन्यात ज्यानं फोनवर "मेन बंद करा" म्हटलं होतं तोच. वयानं माझ्याएवढा, आयटीआयला 'तारतंत्री' झालेला. वायरमनला सरकारी मराठीत हा इतका देखणा शब्द आहे हे मला त्याच्या परवान्यामुळे कळलं. कामाचा ठेका घेणारा परवानाधारक कंत्राटदार वेगळा, हा त्याच्या हाताखाली काम करणारा. त्यानं कुठलीही तार तोडण्याआधी सगळं घर नुसतं बघितलं. बोर्ड उघडायचा, टेस्टर लावायचा, वहीत लिहायचं. देवघराच्या बोर्डापाशी आला, खोलला, वर जोडापर्यंत गेला आणि टेप सोडवली. आतली टेप मऊ पडून काळवंडली होती. ॲल्युमिनियम आणि तांबं नुसतं एकमेकांना पिळलं तर जोड हळूहळू सैल होतो आणि तापतो. त्याच जोडावरून मी माजघरात इस्त्रीचा प्लग काढला होता. मनगट मोडलं नसतं तर कदाचित एखाद्या दिवशी पट्टीच पेटली असती.

"हे कुणी केलंय?" त्यानं विचारलं. हे तिथेच उभे होते. सासूबाई पाटावर बसून डाव्या हातानं वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला. मामंजींच्या वेळच्या वायरमनचं नाव घेणं सोपं होतं. तो माणूस कधीच गेला, घरच्यांना तर त्याचा चेहराही आठवत नसेल.

"मी केलंय," मी म्हटलं. "आणि आई त्या दिवशी स्टुलावरून पडल्या नाहीत. शॉक बसून पडल्या."

ह्यांना बोलायला काही सुचेना. वायरमन भला माणूस, तो म्हणाला, "वहिनी, बटणं बसवलीत झकास. आमच्या नव्या पोरांना इतकी सरळ बसवता येत नाहीत." सासूबाई म्हणाल्या, "तिला येतंच ते," आणि पुन्हा वाती वळू लागल्या. त्यावर आमच्या घरात आजवर याहून जास्त बोलणं झालेलं नाही. मला मात्र अजून वाटतं, त्या दोन महिन्यांत कुणीतरी मला चांगलं रागवायला हवं होतं.

तर आता प्रश्न असा की, घरचं विजेचं काम आपण करावं की माणूस बोलवावा? तुम्हांला वाटेल, एवढं झाल्यावर मी म्हणणार, बायांनो, हातच लावू नका. तसं मी म्हणणार नाही. कारण त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात जे सापडलं ते पैसे मोजून केलेलं काम होतं. बारा वर्षांपूर्वी मोठा फ्रीज घेतला तेव्हा एका माणसाकडून नवा पॉइंट काढून घेतला होता. भिंतीत अर्थिंगची तार नव्हतीच. त्यानं काय करावं? प्लगाच्या वरच्या जाड भोकातली तार न्यूट्रललाच जोडून दिली. फ्रीज चालला, आम्ही पैसे दिले. पण कुठे मागे न्यूट्रल तुटली की फ्रीजचं पत्र्याचं अंगच जिवंत व्हायचं. बारा वर्षं आम्ही त्या फ्रीजचं दार ओल्या हातांनी उघडत होतो. त्या माणसाला परवाना आहे का, हे आम्ही विचारलं नव्हतं. गवंड्याची ओळख, एवढंच. पैसे देऊन बोलावलेला म्हणजे जाणता, असा आपला समज असतो. माझा तर नव्हताच, तरी विचारलं नाही.

कायद्यानं ही रेघ फार सुंदर आखली आहे. १९५६ च्या विजेच्या नियमांपासून ती आहे आणि २०२३ च्या नव्या विनियमांतही तीच राहिली. दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरातलं यंत्र, या वस्तू आहेत त्या जागी, फिटिंगची ताकद किंवा स्वरूप न बदलता बदलायच्या असतील तर त्याला परवान्याची अट नाही. त्यापलीकडचं, म्हणजे नवा पॉइंट वाढवणं, तार बदलणं, फिटिंगमध्ये फेरफार करणं, हे परवानाधारक कंत्राटदारानंच आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातूनच करून घ्यायचं. तीस वर्षं मी रेघेच्या अलीकडे होते, तेव्हा माझं काही चुकलं नाही. चुकलं ते रेघ ओलांडली तेव्हा, आणि गंमत अशी की तिथे रेघ आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची. २००५ साली वीज मंडळाचं महावितरण झालं, तरी आम्ही अजून 'बोर्डाची माणसं'च म्हणतो. मीटरच्या आत घरात काय आहे ते आपलं आपण बघायचं.

म्हणून माणूस बोलवा, पण त्याच्या हातात घर देऊन देवळात जाऊ नका. परवाना दाखवा म्हणायला लाजू नका. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. आमच्या कामात मी वही घेऊन मागे होते. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, मोठ्या प्लगांना अडीच, गीझरला चारची आणि तीही थेट मेनपासून स्वतंत्र, असं ठरलं तसं भिंतीत जातंय का ते बघितलं. तारेवर आयएसआयचा शिक्का आणि जाडी छापलेली असते, ती वाचता येते. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर साधारण दहा पॉइंट आणि ८०० वॉट, त्याहून जास्त लोंबकळवू नये. सोळा अँपिअरचा मोठा प्लग कुठे हवा हे तर आपल्याशिवाय कुणाला कळणार? मिक्सर कुठे ठेवतो, इस्त्री कुठे करतो, पाण्याचा हंडा कुठे असतो, हे वायरमनला कसं ठाऊक असावं! पहिल्या दिवशी त्यानं ओट्याजवळचा प्लग नळाच्या अगदी डोक्यावर आखला होता. मी तो दोन हात लांब सरकवून घेतला. आणि एक काम हमखास करा. भिंतीत नळ्या बसल्या आणि गिलावा व्हायचा राहिला, त्या दिवशी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना त्या फोटोची किंमत कळते. आमच्या फोटोंत सासूबाई हात गळ्यात अडकवून प्रत्येक भिंतीपाशी उभ्या आहेत. मीच उभं केलं होतं, माप कळावं म्हणून. त्यांना वाटलं, त्यांचाच फोटो काढतेय. पदर सारखा करून उभ्या राहिल्या.

शेवटी त्यानं मेगर नावाचं यंत्र आणलं. एक पेटी, तिला हातानं फिरवायचा दांडा. तो फिरवला की ५०० व्होल्ट तयार होतात आणि तारेचं आवरण कुठून गळतंय का ते काट्यावर दिसतं. जुन्या तारांना लावून दाखवल्या तेव्हा काटा कसा लोळला होता, आणि नव्याला कसा ताठ उभा राहिला, हे बघण्यासारखं होतं. ही परीक्षा घरी करता येत नाही. चौतीसशे रुपयांच्या सामानात मेगर नव्हता, आणि असता तरी काटा वाचायचा कसा ते मला ठाऊक नव्हतं. परीक्षेचा कागद, टेस्ट रिपोर्ट, कंत्राटदाराच्या सहीनं मागून घ्या. आम्ही तो घराच्या कागदपत्रांत ठेवला आहे. अंगणात अर्थिंगचा नवा खड्डा झाला. त्यात कोळसा आणि मीठ घालतात आणि उन्हाळ्यात कोरडा पडू नये म्हणून पाणी घालावं लागतं. ते काम ह्यांनी आपणहून घेतलं आहे. तुळशीला आणि अर्थिंगला, एकाच तांब्यानं.

सगळा खर्च एक्क्याऐंशी हजार झाला. २०१९ साली केलं असतं तर बहात्तरांत झालं असतं. दवाखान्याचे वेगळे.

अजून एका वस्तूबद्दल सांगायलाच हवं, ती म्हणजे आरसीसीबी. मेनच्या बोर्डात एमसीबीच्या शेजारी जरा रुंद असा एक खटका असतो, त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण. पुष्कळ जणींना वाटतं एमसीबी आहे म्हणजे झालं. एमसीबीचं काम धोब्याकडे जाणारं गाठोडं फार जड होतंय का, एवढंच बघणं. तार जळू नये म्हणून तो आहे, माणूस वाचावा म्हणून नव्हे. सहा अँपिअरचा एमसीबी सहा अँपिअरला कुरकुर करत नाही. माणसाला तर एका अँपिअरचा दहावा भागही जिवावरचा असतो. आरसीसीबी मात्र कपडे मोजतो. फेजवरून जितके गेले तितके न्यूट्रलवरून परत आले का? एखादा जरी वाटेत गळाला, म्हणजे कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा, त्यावर तसं लिहिलेलं असतं. त्या दिवशी तो असता तर सासूबाईंना झटका बसलाच असता, कदाचित त्या पडल्याही असत्या. पण तो झटका क्षणापुरता राहिला असता. आणि तो हात गजाला आखडून राहिला असता तर काय, हा विचार मला रात्री येतो तो आला नसता.

ते 'टी'चं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. दाबलं की खटका पडायला हवा, घर अंधारात जायला हवं. नाही पडला तर माणूस बोलवायचा. हे आपलं काम, याला परवाना लागत नाही. टेस्टर वापरायचा असेल तर आधी चालू आहे हे ठाऊक असलेल्या प्लगात लावून तो पेटतो का ते बघा, मग संशयाच्या जागी लावा, पुन्हा चालू प्लगात लावून बघा. मेलेला टेस्टर सगळीकडे 'वीज नाही' असंच सांगतो. आणि दिवा पुसायचा असला तर बटण बंद करून भागवू नका. मेन खाली ओढा. बटण काय, आमचंही बंदच होतं.

सासूबाई आता एक्क्याऐंशीच्या आहेत. मनगट थंडीत दुखतं, पोळी लाटताना उजवी बाजू जाड राहते. देवघराचा दिवा मीच पुसते, त्या शेजारी उभ्या राहून मेन बंद आहे ना ते विचारतात. दर महिन्याच्या एक तारखेला दूधवाल्याचं बिल देऊन झालं की त्या स्वयंपाकघरातून हाक मारतात, "अगं, बटण दाबलंस का?" मी खुर्चीवर चढते, 'टी' दाबते, खट् आवाज होतो आणि घर गप्प होतं. पंखे थांबतात, आतून ह्यांचा आवाज येतो, "बातम्या चालू होत्या!" सासूबाई अंधारात म्हणतात, "राहू दे जरा तसंच," आणि मग, "हं, लाव आता."